कोठीत ठेवलेली हार्ड डिस्क

पुरवणी जबाब, दि. २० जुलै २०२५, वेळ सकाळी ११.२०

माझे नाव सौ. कोमल प्रदीप गराडे, वय ३१ वर्षे, धंदा खाजगी कंपनीत पॅकिंगचे काम, रा. परंदवडी, ता. मावळ, जि. पुणे. माहेर मौजे वडिवळे, ता. मावळ.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, वडिवळे येथे माझी आई झुंबरबाई भिमाजी लालगुडे, वय ६४, व भाऊ सत्यम, वय ३३, असे दोघेच राहतात. वडील सहा वर्षांपूर्वी वारले. सत्यमचा स्वतःचा पांढरा पिकअप असून तो भाड्याने माल वाहतो व घरची भातशेती पाहतो.

दि. ८ जुलै रोजी कामशेतच्या बाजारात गाडी लावण्यावरून सत्यमची एका इसमाशी बाचाबाची झाली व सत्यम त्यास चारचौघांत ‘तुला बघून घेतो’ असे बोलला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ७.०५ वा. चे सुमारास त्याच इसमाच्या मोटारसायकलला एका पांढऱ्या पिकअपने मागून धडक दिली व तो जागीच मयत झाला. सत्यमने मुद्दाम उडवले या संशयावरून त्यास दि. ११ रोजी अटक झाली. माझा भाऊ तोंडाने फटकळ आहे हे मी नाकारत नाही. त्याच्या गाडीला पुढे पोचा आहे, तो फेब्रुवारीतला आहे, पण पोच्यावर तारीख लिहिलेली नसते.

सत्यमचे म्हणणे असे की, त्या वेळी तो भात भरडायला राजेंद्रभाऊंच्या गिरणीवर गेला होता. गिरणी बंद होती व पावसाचा जोर होता म्हणून तो पावणेसात ते साडेसात तेथील शेडमध्ये गाडीतच बसून राहिला. त्यास कोणी पाहिले नाही. गिरणी व धडकेची जागा, दोन्हींना मोबाईलचा टॉवर एकच लागतो. शेडमध्ये कॅमेरा आहे. त्या पाऊण तासात सत्यमला पाहणारा तो कॅमेरा एवढाच.

दि. १२ रोजी सकाळी मी गिरणीवर गेले. राजेंद्रभाऊंनी कॅमेऱ्याचे मशीन लावले, तर पडद्यावर काही येईना आणि आतून टकटक आवाज येऊ लागला. आतली हार्ड डिस्क आठ-दहा दिवस कुरकुरत होती, बदलायची राहून गेली, असे ते म्हणाले. राजेंद्रभाऊ मयताचे मावसभाऊ लागतात. ते नाते माझ्या डोक्यात पक्के बसले. त्यांनी स्वतः स्क्रू काढून डिस्क माझ्या हातात दिली व ‘सत्यमसाठी घिऊन जा’ असे म्हणाले, हे मी मागच्या जबाबात सांगितले नव्हते. ते आज सांगते.

त्याच दिवशी दुपारी मी लोणावळ्यात अतुल यांच्या दुकानात गेले. ते बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देतात. त्यांनी डिस्क थोडा वेळ लावली. माझ्यासमोर संगणकावर फाइलींची यादी आली. त्यात ‘९ जुलै, सायंकाळी ६ ते ८’ ही फाइल होती. मी ती बोट लावून दोनदा वाचली. मग टकटक वाढली व त्यांनी लगेच डिस्क बंद केली. आत वाचणारा जो भाग असतो तो जात आला आहे, त्याच कंपनीच्या तशाच डिस्कचा भाग मागवून बसवावा लागेल, पाच-सहा दिवस लागतील, तोवर करंट लावू नका, फाइल शाबूत आहे, असे त्यांनी सांगितले. डिस्क दुकानातच राहू द्या, आमच्याकडे कोरडे कपाट आहे, असेही ते म्हणाले. मी नाही म्हणाले. मला कोणाचाच भरवसा वाटत नव्हता. तपासी अंमलदार साहेबांनी डिस्क जमा करण्यास सांगितले होते, त्यांनाही मी ‘उद्या आणते’ म्हणून आणली नाही.

अटकेपासून मी वडिवळ्यास आईजवळ राहत आहे. धरणाच्या कडेचे गाव, या दिवसांत घरातल्या भिंतींना हात लावला तर हात ओला होतो. काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. कोरडी जागा म्हणजे तांदळाची पत्र्याची कोठी. मागच्या वर्षी सत्यमचा भिजलेला मोबाईल तीन दिवस तांदळात ठेवला होता व तो चालू झाला होता, हे आईने आठवण करून दिले. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहील म्हणून मी पिशवी काढली, डिस्क सुती फडक्यात गुंडाळली व दि. १३ रोजी स्वतःच्या हाताने कोठीत ठेवली. यात सत्यम सुटायचा पुरावा आहे, हात लावू नकोस, असे आईला बजावले.

दि. १८ रोजी भाग आल्याचा फोन आला म्हणून मी डिस्क घेऊन लोणावळ्यास गेले. अतुल यांनी ती उघडली व माझ्यापुढे धरली. खालच्या पट्टीवरचे तांबे काळे पडले होते. आतल्या चकतीवर डाग होते. ही कसल्या रसायनाजवळ होती का, लसणासारखा वास येतोय, असे त्यांनी विचारले. आता यातून काहीच निघणार नाही, असे सांगितले. मला काही सुचेना. मी दुकानात आरडाओरडा केला. तेथून सरळ येथे येऊन राजेंद्रभाऊ व अतुल यांनी संगनमताने पुरावा नष्ट केला अशी तक्रार दिली.

काल दि. १९ रोजी सकाळी ९ वा. चे सुमारास आई तांदूळ काढत होती. मी पातेले धरून उभी होते. तांदळातून राखेसारखी पांढुरकी पूड असलेल्या फडक्याच्या तीन पुरचुंड्या वर आल्या. धान्याला किडे लागू नयेत म्हणून टाकतात त्या गॅसच्या गोळ्यांची ती पूड होती. आई या गोळ्या दिवाळीनंतर कोठी भरताना टाकते, तीही एकच. आत्ता पावसात का टाकल्या असे मी विचारले.

आई म्हणाली, “तूच म्हनलीस न्हवं, त्यात सत्यम हाय. मंग त्याला किडा लागला तर? म्हून तीन टाकल्या.”

पातेले हातातून पडले. काय झालं गं, असे आईने विचारले. मी चक्कर आली असे सांगितले. तिने मला गूळ आणून दिला व तो मी खाल्ला.

दुपारी ती पूड कागदात बांधून मी अतुल यांना दाखवली. या गोळ्यांच्या गॅसने तांबे खाल्ले, डिस्कला बारीक भोक असते, त्यातून गॅस आत गेला, असे त्यांनी सांगितले. दुकानात ठेवली असती तर निघाले असते का, असे मी विचारले. ते ‘बहुतेक’ म्हणाले. मी त्यांची माफी मागितली. राजेंद्रभाऊंच्या घरी जाऊन त्यांचीही मागितली. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

तरी राजेंद्रभाऊ व अतुल यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. १८ तारखेची तक्रार खोटी होती. डिस्क मी कोठीत ठेवली, दुसऱ्याच्या ताब्यात दिली नाही, हा दोष माझा आहे. उद्या सत्यमला कोर्टात नेणार आहेत व त्याच्या बाजूने दाखवायला आमच्याकडे काही उरलेले नाही.

माझ्या आईचा जबाब घेऊ नये अशी मी विनंती केली. गरज पडल्यास घ्यावा लागेल, असे मला सांगण्यात आले. तसे असेल तर गोळ्या मी टाकल्या असे लिहावे, असे मी म्हणाले. तसे लिहिता येत नाही असे सांगण्यात आले.

आई सत्यमसाठी डबा घेऊन बाहेर बाकावर बसली आहे व दार उघडे आहे. म्हणून हा जबाब मला माझ्या विनंतीवरून हळू आवाजात वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे व बरोबर आहे.

सही : कोमल प्रदीप गराडे