डाव्या खांद्याची रायफल

काय सांगू तुम्हाला, माझी गोष्ट सुरू होते तीच बांधलेल्या हातापासून. जन्म कराडचा, वडील एसटीत मेकॅनिक, आम्ही तिघी बहिणी आणि त्यात मी एकटी डावखुरी. जेवायला बसले की आई माझा डावा हात फडक्याने बांधून ठेवायची, शाळेत बाई त्याच हातावर पट्टी मारायच्या, देवळात पुजारीकाका तीर्थ द्यायच्या आधी म्हणायचे, हात बदल, आणि मी बदलायचे. लिहिणं, जेवणं, वाढणं, सगळं उजव्याने शिकले, पण कशालाच सफाई नाही, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, वाढायला गेले की आमटी सांडायची, आणि लोक वर म्हणायचे, मुलगी वेंधळी आहे. वेंधळी नव्हते हो मी, हातच बांधला होता माझा.

कॉलेजात एनसीसीला गेले. तिथे पालथं पडून छोटी रायफल चालवायला शिकवायचे, आणि मला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं म्हणून सांगू, श्वास रोखून धरायचा, की आजूबाजूचं सगळं गप्प व्हायचं. पण माझ्या गोळ्या टार्गेटच्या एका कडेला जायच्या, नाहीतर पार बाहेर. हवालदारसाहेब म्हणाले, पोरींना नेम जमत नाही, तुम्ही परेड करा. आणि मी ते खरं मानलं, अर्धं आयुष्य खरं मानलं, विचार करा.

मग लग्न झालं, नवरा आयटीत म्हणून इथे इंग्लंडात, रीडिंग गावाला आलो, मुलगा मोठा झाल्यावर मी बसचं लायसन काढलं, आणि आजही बसच चालवते. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. त्यांचं एकच, डाव्याने वाढू नकोस, देवाला डाव्याने फूल वाहू नकोस. कराडहून सुटले तर रीडिंगमध्येही तेच.

आमच्या डेपोत डेरेक म्हणून आहे, तो शूटिंग क्लबचा मेंबर. ओपन डेला ये म्हणाला, म्हणून गेले. सवयीप्रमाणे रायफल उजव्या खांद्याला लावली, गोळ्या गेल्या कडेला. तिथली कोच ॲलिसन, पांढऱ्या केसांची बाई, ती म्हणाली, दोन्ही हातांची छोटी खिडकी कर, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ, आता एकेक डोळा मीट. उजव्या डोळ्याने बघितलं तर घड्याळ गायब, डाव्याने बघितलं तर जागच्या जागी. ती म्हणाली, अगं, तुझा नेमाचा डोळा डावा आहे, कुणी सांगितलं तुला उजवीकडून मारायला? आता हिला कुणाकुणाची नावं सांगू! खांदा बदलला आणि गोळ्या मध्यभागी, एकमेकींना चिकटून. मी कारमध्ये जाऊन रडले. आनंदाने नाही, संतापाने.

तेव्हाच ठरवलं, मला सहाशे यार्डांवर मारायचंय, आणि माझ्या खांद्यावरून मारायचंय. पुढे क्लबचे प्रोबेशनचे महिने झाले, सर्टिफिकेटसाठी, म्हणजे रायफलच्या परवान्यासाठी, पोलीस घरी येऊन गेले, रायफल ठेवायचं कपाट भिंतीला पक्कं आहे का बघितलं, किल्ली तुझ्याशिवाय कुणाच्या हाती लागता कामा नये म्हणाले. नवऱ्याचा चेहरा बघायला हवा होता, घरात आपल्यापासून लपवलेली किल्ली म्हणजे काय!

मग दोघं गेलो बंदुकांच्या दुकानात. तो दुकानदार सगळं नवऱ्याशी बोलतोय. रायफल मला घ्यायचीय, सर्टिफिकेट माझं, आणि हा ह्यांना दाखवतोय नेम धरायची दुर्बिणीएवढी मोठी स्कोप. मी म्हटलं, मला लेफ्ट-हॅण्ड हवी, गोळी भरायचा खटका, बोल्ट, डावीकडे असलेली. तर म्हणाला, मागवावी लागेल, फार महाग पडेल, त्यापेक्षा मिसेस उजव्याने शिकतील की. आणि आमचे हे, इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिलेला माणूस, म्हणतात, हो ना, आत्तापर्यंत सगळं उजव्यानेच केलंस, ॲडजस्ट कर. ॲडजस्ट! मी दुकानातून जी बाहेर पडले ती दोन दिवस बोलले नाही ह्यांच्याशी.

ॲलिसन म्हणाली, नव्याच्या मागे लागू नकोस. रायफल साधी चालेल, पण अंगाला बसली पाहिजे. स्कोप जुनी चालेल, पण बटण फिरवलं की नेम तेवढाच हलला पाहिजे. बाकी पैसा गोळ्यांना आणि सरावाला ठेव. क्लबचा एक जुना मेंबर डावखुरा होता, तो वारल्यावर त्याच्या बायकोला, मार्गारेटला, त्याची रायफल विकायची होती. मला परवडेल अशा किमतीत दिली तिने, सगळी कागदपत्रं रीतसर करून. तो होता ताडमाड, मी ही अशी, तर क्लबमधल्या सुताराने मागचा लाकडी दस्ता कापून माझ्या मापाचा केला. रायफलच्या दस्त्याखाली टेकू म्हणून ठेवायची पिशवी मी जुन्या जीन्सची शिवली आणि वेम्बलीच्या देशी दुकानातून आणलेले मूग भरले तिच्यात. रेंजवर भिजली, मी कारच्या डिकीत विसरले, आणि पुढच्या वेळी काढते तर शिवणीतून मोड बाहेर. हसले सगळे. हसू देत, आता प्लास्टिकचे मणी भरलेत. सहाशे यार्डांवर पहिली गोळी मध्यभागी लागली तेव्हा नाही कुणी हसलं.

परवाच्या दसऱ्याला मी बोल्ट काढून रायफल पाटावर ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं, डाव्या हाताने, मुद्दाम. सासूबाई सोफ्यावर बसून बघत होत्या. म्हटलं आता सुरू होणार, मीही कंबर कसून तयार. तर त्या म्हणाल्या, मीपण डावखुरीच गं.

मी कुंकवाचा करंडा खाली ठेवला. म्हटलं, आई, मग माहीत होतं ना तुम्हाला, कसं होतं ते? तरी मला इतकी वर्षं? त्या म्हणाल्या, लहानपणी माझ्या डाव्या हाताला चटका दिला होता, आजही खूण आहे. तू माझी पाठ वळली की डाव्याने कणीक मळायचीस, मला दिसायचं. मला नाही करू दिलं, मग हिला का म्हणून, एवढाच राग यायचा बघ.

माझा राग काही गेला नाही, खोटं कशाला सांगू, उलट दुप्पट झाला, आता तो त्यांच्याही वाटचा आहे. मी पेढा उचलला, डाव्या हाताने त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पदराखालून डावा हात काढला आणि घेतला.

तेव्हापासून आम्ही दोघी डाव्या हाताने जेवतो. त्यांचा घास अजून सांडतो, पण येईल हळूहळू, मलाही उशिराच आलं. देव त्यांना आयुष्य देवो. आमचे हे बघतात, पण काही बोलत नाहीत. बोलून तर बघू देत.