बिनडागाची साडी

जळगाव जामोदच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली मांडीवरची पांढरी साडी उलटून-पालटून पाहत होती.

“पायल, मायनं घेतलेली माही साडी ही नाई. जाऊबाईले लग्नात नेसाले देल्ली, तं तिनं बदलूनच आनली.”

“कशावरून वो ताई?”

“माह्या साडीवर चहाचा डाग होता. लिंबू लावलं, सोडा लावला, पन गेला नाई. हिच्यावर डागच नाई.”

“फॉलचे टाके पाय बरं. कोनाचे हायेत?”

“माह्याच हातचे हायेत.”

“मंग साडी तुहीच! तिनं डाग काढून देल्ला. फोन करून चांगलं बोल तिच्याशी.”

“थांब जराशी. डाग तं तिले पयलेच माहीत होता. मंग एवढं घासाचं काम काऊन पडलं? हिच्यावर दुसरं काय सांडवलं असन तिनं?”