पिवळे खांदे आणि शेवटचा टप्पा

सांगते ऐका. दोन हजार तेवीसचा सप्टेंबर, उन्हाळा ओसरत आलेला. जपानमधल्या इचिकावात राहणारा माझा मुलगा महेश चमूबरोबर नदीतून समुद्रापर्यंत पोहत निघाला होता. एकच टप्पा उरला होता. घट्ट पोशाखाने त्याचे खांदे सोलवटले, म्हणून मी मुक्कामी जाऊन हळद-तेल लावले.

सकाळी मोहिमेच्या डॉक्टरांनी पिवळे खांदे पाहिले.

"नदीच्या पाण्यातून कावीळ होणारा आजार जडतो. रक्ताचा अहवाल येईपर्यंत पोहणे बंद."

"आई, काय करून ठेवलंस हे!" महेश म्हणाला.

"त्यांना सांग, ही हळद आहे. माझे तळहातही पिवळेच आहेत!"

महेशने जपानीत सांगितले. डॉक्टरांनी माझे तळहात निरखले, अदबीने वाकून नमस्कार केला आणि माझेही रक्त घेतले.

रविवारी आम्ही दोघेही निरोगी ठरलो, तेव्हा कुठे महेश पाण्यात उतरला.