सुट्टा माणूस चालेल

तीन वर्षांपूर्वी, दसरा होऊन गेल्यावरच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मुंबईच्या व्हिसाच्या ऑफिसात माझ्या बोटांचे ठसे मशीनवर उठले नाय. दहातलं एकपण बोट नाय. आमच्या ह्यांचे दहाच्या दहा उठले. दोन महिन्यांनी हे पोर्तुगालला गेले आणि मी इथंच राहिले.

माझं नाव हिरा, ताई. माझं माहेर पेठ तालुक्यात, डोंगरात. पावसाळ्यात भात आणि नागली, ती निघाली की गावात काम नाय, मग दसऱ्याच्या सुमाराला मुकादमाची जीप यायची आणि अर्धं गाव द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं जायचं. आमच्याकडं त्याला जगायला जाणं म्हणतात. जीपमध्ये फक्त जोड्या घ्यायचे, नवरा-बायको. कारण द्राक्षाच्या बागेत एका जोडीला एक ओळ असती, ओळीच्या ह्या बाजूनं नवरा छाटत जातो, त्या बाजूनं बायको मागं मागं डोळ्यांना फुटायच्या औषधाची पेस्ट लावत जाती. डोळे म्हणजे वेलीचे हां, काडीवर फूट निघती ती जागा. एकटा माणूस आला तर ओळ अर्धी राहती, म्हणून सुट्टा माणूस कुणी घेत नाय. आणि पोरं बागेत नको, बागवाल्याला कटकट, म्हणून पोरं मागं. मी सात वर्षांची असल्यापासून दरवर्षी सहा महिने मावशीकडं. मावशी वाईट नव्हती. तिची चार, आम्ही दोघी, मी आणि माझी धाकटी बहीण सुमन.

सुमनला कावीळ झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मावशीनं आधी भगत केला, मग झाडपाला, मग दवाखान्यात नेलं तोवर डोळे पार हळदीसारखे झालेले. तेव्हा फोन कुठं होते, जीपवाल्याजवळ निरोप धाडला, तो दुसऱ्याच बागेवर गेला. तोवर सुमन गेली होती, आईबाप आले ते नवव्या दिवशी. आई मला एवढंच म्हणली, शेवटाला काय मागत होती गं. मी म्हणलं पाणी मागत होती. पाणी नव्हती मागत. आईलाच मागत होती. पण ते मी आजवर कुणाला बोलले नाय, आई गेली तरी नाय. पुढच्या दसऱ्याला पुन्हा जीप आली आणि दोघं पुन्हा गेले, कारण जायचंच होतं. मी कुणाला दोष देत नाय.

लग्न झालं तशी मीपण जोडीतली झाले. आमच्या ह्यांचं नाव रामदास. हात लय चांगला. छाटणी अशी की बागवाले मुकादमाला सांगायचे, रामदास-हिराला आमच्याकडं द्या. आमच्या टोळीचा मुकादम, त्याला आम्ही नाना म्हणतो, तो चेष्टेनं म्हणायचा, हे दोघं ओळीत भांडत पण नाय, ह्यांना बैलजोडीच्या शर्यतीत लावा. आम्ही म्हसरूळच्या पुढं खोली घेतली. काजल झाली तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं, हिला कुणाकडं ठेवायचं नाय. बागेच्या मांडवाला झोळी बांधून तिला वाढवली. बागवाले बोलायचे, बोलू द्यायचे. शाळेत जायला लागली तर मी नानाला सांगून चारला सुटायचे, लोकं सहापर्यंत काम करायची.

काजल नववीत असताना हा पोर्तुगालचा विषय निघाला. गंगापूर रोडला एका एजंटचं ऑफिस होतं, सिन्नरचा माणूस, त्यानं आधी दोन-चार जोड्या धाडलेल्या. हे तिथं जाऊन आले आणि लय वेगळेच होऊन आले. मोबाईलवर फोटो दाखवायला लागले, समुद्र, पांढरी घरं, हे कडक ऊन. म्हणले हिरा, तिथं वर्षाचे दहा महिने ऊन असतं, बर्फ नाय, थंडी नाय, द्राक्षबी हायत आणि प्लास्टिकच्या घरातली फळंबी हायत, आपल्याला तेच तर येतं. मी म्हणलं ऊन तर इथंपण हाय. हे हसले. म्हणले अगं इथल्या उन्हात माणूस करपतो, तिथं इंग्रज लोकं पैसे देऊन उन्हात बसायला येतात. एजंट म्हणला होता की मालकाला जोडी पाहिजे, जोडीला वेगळी खोली मिळती. पोरं नंतर, कार्ड झाल्यावर. कार्ड म्हणजे तिथं राहायचा कागद. तोवर काजल चांदवडला माझ्या दिराकडं राहील. दीर कांद्याच्या शेडवर कामाला, भला माणूस हाय, जाऊबाईपण चांगली. काजलला मी विचारलंच नाय. तिच्या पप्पांनी विचारलं तर ती राहीन म्हणली. मला वाटलं भीतीनं म्हणती.

आता तुम्ही म्हणाल मग नाय म्हणायचं. कसं म्हणणार? मी नाय म्हणलं असतं तर जोडी मोडली असती, म्हणजे ह्यांचंपण जाणं माझ्यामुळं मोडलं असतं. अठरा वर्षं हा माणूस मला एक शब्द वाकडा बोलला नव्हता, पहिल्यांदा काही मागितलं, त्याला तोंडावर नाय कसं म्हणू? म्हणून मी हो म्हणलं. पासपोर्ट काढले, फोटो काढले, सगळीकडं हो.

आणि मग मी ते केलं.

रेशनच्या दुकानात आमचं बायांचं नेहमीचं हाय. पेस्टचं काम झालं की पुढं महिनाभर अंगठा उठत नाय. ते औषध लय जहाल, हातमोजे घातले तरी फटीतून शिरतं आणि कातडी सोलती. दुकानदार म्हणतो केसांना पूस, पदराला पूस, पुन्हा लाव. त्याच्यावरून माझ्या डोक्यात आलं. मुंबईची तारीख मिळाली तेव्हा गोडी छाटणी, म्हणजे दसऱ्याकडची फळासाठीची छाटणी, सुरूच होती. मी तीन दिवस मोजे न घालता पेस्ट लावली. मोजे कमरेला खोचून ठेवायचे, हे ओळीच्या त्या बाजूला, पानातून दिसत नाय. पहिल्या दिवशी नुसती आग. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, भाकरी थापता येईना. तिसऱ्या दिवशी ह्यांनी पाहिलं. म्हणले येडी हायस का, मोजे कुठं गेले. मी म्हणलं फाटले. त्याच्या दुसऱ्या दिवशी हे नाशिकला जाऊन नवीन मोज्यांची जोडी घेऊन आले आणि रात्रीच्या जेवणाला ह्यांनीच मला घास भरवला. मुंबईला जाईस्तोवर बोटांची सालं निघाली होती, कांद्याच्या पातीसारखी.

माझा हिशोब सरळ होता ताई. माझे ठसे नाय म्हणजे मी नाय, मी नाय म्हणजे जोडी नाय, जोडी नाय म्हणजे हेपण नाय. जीपमध्ये सुट्टा माणूस घेत नाय हे मी जन्मापासून पाहिलेलं. मला वाटलं जगात सगळीकडं तसंच असणार.

व्हिसाच्या ऑफिसातली पोरगी लय नीट बोलली. तिनं माझी बोटं पुसली, काच पुसली, चार वेळा लावून पाहिलं. म्हणली काकू, कातडी भरून आली की पुन्हा या, तुमची फाईल थांबेल तोवर. ह्यांनी बाहेर येऊन एजंटला फोन लावला. मी शेजारीच उभी होते, स्पीकरवर होता. हे म्हणले बायकोचं अडलंय, आता जोडी नाय, आमचं राहू द्या. तो पलीकडून म्हणला, मालकाला विचारतो. पाच मिनिटांत फोन आला.

सुट्टा माणूस चालेल.

एवढंच म्हणला. परतीच्या बसमध्ये हे खिडकीकडं बघत होते. कसारा घाट लागला तेव्हा म्हणले, हिरा, मी जाऊ का? तू बोटं बरी झाली की ये. तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. त्यांनी विचारलं होतं, जाऊ का म्हणून. मी म्हणलं जा.

गेल्यावर कळलं की वेगळी खोली जोडीलाच. सुट्ट्यांना आठ जणांत एक, एकावर एक पलंग. द्राक्षाचं काम थोडे दिवस, बाकी सगळं प्लास्टिकच्या घरात वाकून फळं तोडणं. व्हिडिओवर दाखवायचे. म्हणायचे समुद्र इथून चालत पाऊण तासावर हाय, वर्षात सहादा पाहिला. पहिल्या उन्हाळ्यात आत चक्कर येऊन पडले, कमरेत भरलं ते भरलंच. आता पट्टा बांधून काम करतात. तिथल्या मुकादमाला म्हणे ह्यांनी छाटणी करून दाखवली, तर तो म्हणला छान हाय, आता फळं तोड.

माझी बोटं दोन महिन्यांत भरून आली, पण तोवर मालकाची माणसं भरली होती. पुढं मी विषय काढला नाय, ह्यांनीपण जोर धरला नाय. आणि कार्ड झाल्याशिवाय ह्यांना परत येता येईना, आले तर सगळं पहिल्यापासून. सासूबाई गेल्या तेव्हा आले नाय. चांदवडहून दिरानं अस्थी रामकुंडावर आणल्या, काजलनं मोबाईल धरला, ह्यांनी तिकडून हात जोडले. मागं प्लास्टिक फडफडत होतं, गुरुजींचे मंत्र त्यांना नीट ऐकू आले नाय.

इकडं मी सुट्टी झाले. नाना म्हणला हिरा, वाईट वाटून घेऊ नको, पण ओळ अर्धी राहती. मला द्राक्षं निवडायच्या शेडवर लावून दिलं. तिथं थंडगार असतं, डोक्याला टोपी, बोलायचं नाय. काजल माझ्याजवळ राहिली. दहावी झाली, अकरावी झाली. तिला मी सोडलं नाय, जे पाहिजे होतं ते मिळालं म्हणायचं. पण पोरगी माझ्याशी कमी आणि पप्पांशी फोनवर जास्त बोलायची. त्यांनी तिला तिकडची भाषा थोडी शिकवली होती. दोघं त्या भाषेत काहीतरी बोलून हसायचे आणि मी भाजी निवडत बसायचे.

ह्या उन्हाळ्यात ह्यांचं कार्ड आलं. ह्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा वाटला. म्हणले स्वतःचं दार असलेली वेगळी खोली बघितली हाय, दोघींची फाईल टाकतो, काजल अठराची व्हायच्या आत झालं पाहिजे, नंतर तिला वेगळे नियम. आणि म्हणले, हिरा, ह्या वेळेला हाताचं काम दोन महिने बंद ठेव, बोटं जप. मला तुझ्या बोटांची लय काळजी वाटती. हे शब्द ते रोज बोलायला लागले. रोज विचारायचे बोटं कशी हायत. कॅमेऱ्यासमोर धर म्हणायचे. मी धरायचे.

मला वाटलं तिथं त्या खोलीत त्या माणसासमोर हे सगळं मनात घेऊन राहणं मला जमायचं नाय. जायचं तर सांगून जायचं.

आधी काजलला सांगितलं. भांडी घासत होती. सगळं ऐकून घेतलं, सुमनचंपण सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणलं तुला एकटीला टाकायचं नव्हतं म्हणून केलं. तिनं नळ बंद केला आणि म्हणली, आई, मी कुठं तुला थांब म्हणले होते?

मग म्हणली, पप्पांची कंबर तुझ्यामुळं गेली. आणि भांडी तशीच ठेवून बाहेर गेली.

रविवारी दुपारी ह्यांना सांगितलं. तिकडं सकाळ होती, बाहेर बसले होते, तोंडावर ऊन होतं. मी थांबून थांबून सगळं सांगितलं, मोजे कमरेला खोचले होते तेपण. हे म्हणले, घास मी भरवला होता तुला. मी म्हणलं हो. म्हणले, बरं. आणि फोन ठेवला. त्याच्यानंतर काजलशी दोनदा बोलले. माझ्याशी नाय.

बुधवारी एजंटच्या ऑफिसातून फोन आला, गंगापूर रोडला बोलावलं. मी एकटीच गेले. तिथल्या पोरानं दोन फाईली समोर ठेवल्या. म्हणला मावशी, रामदासभाऊंचा निरोप हाय, मुलीची फाईल पुढं न्या, खोलीत एकाच माणसाची सोय वाढवून घेतली हाय. मी म्हणलं आणि माझी? तो म्हणला तुमच्याबद्दल काही बोलले नाय, मी दोनदा विचारलं. मग कागद पुढं सरकवला. मुलगी अठराच्या आतली हाय, म्हणून आईची परवानगी लागती. आईनं नाय म्हणलं तर फाईल थांबती. त्यानं हे मला समजावून सांगितलं, लय नीट सांगितलं. घाई नाय म्हणला, घरी नेऊन विचार करा.

मी घरी नेला नाय. तिथंच टेबलावर सही केली. काजलची मुंबईची तारीख पुढच्या सोमवारची हाय, दीर तिच्याबरोबर जाणार हाय.