यसूबाईनं धुतलेला हरभरा

मंडळी, आजच्या कीर्तनात एक विचारतो, खरं सांगा. चूक आपली, बोलणी दुसऱ्याला — अशा वेळी आपलं तोंड किती दिवसांनी उघडतं? बघा, पाटील लगेच पेटीवाल्याकडं बघायला लागले!

ऐका तर. एका गावात होती यसूबाई. स्वच्छतेचं एवढं वेड, की जळण धुऊन चुलीत घालायची! मग ते पेटायचं नाही — आणि शिव्या कुणाला? चुलीला!

तिची सून चंद्रकला. शेतीच्या शिबिराहून काळ्या भुकटीची पुडी घेऊन आली. "आत्याबाई, ह्यात जिवाणू हायेत. जिवंत! पण डोळ्यांना दिसत न्हाईत." नदीकाठचं रान नवं, तिथं हरभरा कधी झालेलाच नाही. नवऱ्याच्या, निवृत्तीच्या, मागं लागून लागून चंद्रकलेनं पेरणी आपल्याकडं घेतली. गुळाच्या पाण्यात भुकटी कालवली, दोन पोती बियाण्याला चोळली, पडवीत सावलीला पसरली. निवृत्तीला पेरायला सांगून गेली माहेरी, भावाच्या साखरपुड्याला.

यसूबाई बघते तर — बी काळंकुट्ट! वर त्यात जिवंत काहीतरी! "अगं बाई बाई! माझ्या घरात?" पेटवला बंब! कोमट पाण्यानं हरभरा खळाखळा धुतला — एकदा नाही, तीनदा! कडक उन्हात वाळवला. एक पोतं झालं आणि बंबातलं पाणी संपलं, म्हणून दुसरं वाचलं! निवृत्तीनं दोन्ही पोती नेली, पेरून मोकळा झाला.

महिन्यानं रान बघा! अर्धं हिरवंगार, अर्धं हळद लागल्यासारखं पिवळं!

निवृत्ती भडकला. "तुझ्या पुडीनं वाटोळं केलं! पुन्हा पेरणीत तोंड घालायचं न्हाई!"

बांधावर भाकरीची पाटी घेऊन यसूबाई उभी. सांगावं? सुनेपुढं नाक जाईल! पाटीवरचं फडकंच सारखं करत राहिली.

चंद्रकलेनं हिरवं रोप उपटलं. मुळ्यांवर गाठीच गाठी! एक फोडली — आत गुलाबी! "बघा, जिवाणू हितं ऱ्हात्यात. हवेतला नत्र धरून रोपाला भरवत्यात." मग पिवळं उपटलं. मुळ्या कोऱ्या! तिचे डोळे भरून आले. "माझंच कायतरी चुकलं असंल."

मंडळी, तिथं मात्र यसूबाईच्या काळजात चर्र झालं!

"न्हाई गं पोरी! मी धुतलं!"

"काय धुतलं?"

"बी! कोमट पाण्यानं!"

निवृत्ती मटकन खाली बसला. "आये, साबण लावलास?"

"येडा का काय! खायाची वस्तू हाय ती!"

चंद्रकला रडता रडता हसली. पण यसूबाई हसली नाही. लेकाला म्हणाली, "तिला बोललास तवा मी हितंच हुते, रं. आता माझ्यासमोर तिला म्हण — पुढची पेरणीबी तुझीच. म्हण!" म्हणावं लागलं बिचाऱ्याला!

हसलात? हसा! यसूबाईला तोंड उघडायला एक घटका लागली. तुम्हाला किती वर्षं झाली? कुणी भाऊ असेल, कुणी जाऊ असेल, तुमच्या वाटणीची बोलणी अजून खात असेल. नाव आठवलं ना आत्ता? मग आरतीला थांबू नका. उठा, आधी त्या घरी जा!