कुकरची तिसरी शिट्टी

तुमच्यात कोणी गातं, कोणी पत्त्यांची जादू करतं. माझ्या अंगात एकच कला आहे. मी तोंडानं कुकरची शिट्टी हुबेहूब काढतो. हसू नका, त्यापायी ताईचं लग्न मोडायची वेळ आली होती.

ऐंशी साल असेल. आम्ही नाशिकला राहायचो, मी कॉलेजात होतो. मालेगावचे पाहुणे ताईला बघायला आले आणि जेवायला थांबले. आई बाहेर त्यांच्याशी बोलत बसली. ताईला तिनं बजावलं होतं, "तिसऱ्या शिट्टीला स्टोव्ह बंद कर." पहिली शिट्टी कुकरची झाली. उरलेल्या दोन मी मागच्या दाराआडून मारल्या. ताईनं स्टोव्ह बंद केला.

पंगत बसली आणि भात दाताखाली कचकच लागायला लागला. आईचा चेहरा पडला. ताई रडायच्या बेतात. मुलगा मात्र शांतपणे जेवला, वर "अजून थोडा वाढा" म्हणाला.

हात धुताना तो माझ्या कानाशी आला. "पहिली खरी होती. पुढच्या दोन्ही तुझ्या ना?" मग त्यानं स्वतःच अशी शिट्टी काढली, की आई आतून ओरडली, "अगं, आता कुकर कशाला लावलास?"

पुढे चाळीस वर्षं भाऊजी ताईला असंच फसवायचे. गेल्या वर्षी ते गेले. परवा भेटायला गेलो, तर ताई ओट्यापाशी उभी. म्हणाली, "एक शिट्टी मार ना रे."

मी मारली. तिनं सवयीनं हात लांबवून गॅसचं बटण फिरवलं.

गॅस पेटलेलाच नव्हता.