शेडमागची ओळ

बागाईतदारीण: ...म्हणून तुम्हाला फोन करून बोलावून घेतलं, साहेब. जुन्या जातीच्या द्राक्षांना आता सरकार मदत देतंय, वाइनसाठी तळघरसुद्धा बांधून देणार आहे. पण ऑफिसात मला म्हणतात, 'तुमच्या सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वीच सगळ्या वेली उपटल्या, तसा दाखला आहे. मग ही जात तुमच्याकडे आली कुठून?'

निवृत्त निरीक्षक: दाखला माझाच आहे.

बागाईतदारीण: सही ओळखली मी.

निवृत्त निरीक्षक: त्याआधी सरकारच लोकांच्या मागे लागलं होतं, द्राक्षं लावा म्हणून. रोपं फुकट, तारा फुकट, शिकवायला मी. तुमच्या सासऱ्यांना छाटणी मीच शिकवली. मग वाइन इतकी झाली की कुणी विचारेना. वरून हुकूम आला, वेली उपटा, दुसरं पीक लावायला मदत देऊ. ते सांगायलाही दारोदार मीच.

बागाईतदारीण: मामंजींनी तुम्हाला कधी नावं ठेवली नाहीत.

निवृत्त निरीक्षक: तपासणीला आलो, तर शेडमागे वेलींची एक ओळ उभी. त्यांनी माझ्या हातात कुदळ दिली. म्हणाले, 'माझ्याच्याने होत नाही, तुम्ही काढा.'

बागाईतदारीण: मग?

निवृत्त निरीक्षक: एक घाव घातला. दुसरा घालवेना. कुदळ ठेवली आणि लिहून टाकलं, सर्व वेली उपटल्या.

बागाईतदारीण: त्या ओळीच्या काड्या लावूनच आमची आजची बाग उभी राहिली. पण हे आता सांगायचं, म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत असं होणार. तुमची पेन्शन?

निवृत्त निरीक्षक: चौकशी लागेल.

बागाईतदारीण: मग राहू द्या, साहेब. तळघर नसलं तरी थोडीफार वाइन होते माझी.

निवृत्त निरीक्षक: बाई, लावा म्हणाले, लावा लिहिलं. उपटा म्हणाले, उपटा लिहिलं. उभ्या नोकरीत स्वतःच्या मनाने एकच ओळ लिहिली, आणि नेमकी तीच खोटी. ती मला नीट करू द्या.

बागाईतदारीण: घरी काकूंना माहीत आहे?

निवृत्त निरीक्षक: खरं काय घडलं त्याचं हे निवेदन तिच्याच अक्षरात आहे. मी सांगितलं, तिने लिहिलं. सही तेवढी तुमच्यासमोर करायची होती.

(ती कागद वाचते आणि सहीसाठी पेन त्यांच्यापुढे ठेवते.)

बागाईतदारीण: चौकशीला बोलावलं, तर मी येईन बरोबर.

निवृत्त निरीक्षक: तिथे बाहेर बाकावर फार वेळ बसवून ठेवतात.

बागाईतदारीण: बसू की.